मानववंशशास्त्रज्ञ आणि लेखिका इरावती कर्वे यांनी नवरा, मुलं आणि संशोधन हे सगळं कसं जमवलं? घरच्यांची साथ होती का?

साथ होती, पण आपण ज्यांच्याकडून गृहीत धरू त्यांच्याकडून नाही. सासरे म्हणजे साक्षात महर्षी धोंडो केशव कर्वे, बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवलेला माणूस, आणि सुनेने शिकायला जर्मनीला जायचं म्हटल्यावर त्यांनीच विरोध केला. आता बोला! नवरा मात्र ठाम. दिनकरराव स्वतः जर्मनीतून केमिस्ट्रीत डॉक्टरेट करून आलेले, बायकोची कुवत त्यांना नीट माहीत होती. काँग्रेसचे पुढारी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं आणि 1928 मध्ये बाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनचं जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे इरावतीबाई म्हटलं की 'युगान्त', म्हणजे महाभारतावरचं त्यांचं पुस्तक, आणि विषय संपला, आणि त्या मुळात शास्त्रज्ञ होत्या हे कुणाच्या गावीच नसतं. मला एमएला सोशिऑलॉजी होतं म्हणून तरी कळलं. तर त्यांचा गाईड ऑयगेन फिशर, ज्याच्या वंशशुद्धीच्या विचारांचा नाझींनी पुढे आधार घेतला तोच. त्याचा दावा असा की गोरे युरोपियन जास्त तर्कबुद्धीचे, म्हणून त्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू जास्त असमान असणार, इतर वंशांच्या कमी. ते तपासायचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी 149 कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असमानता आहे, पण तिचा वंशाशी काही संबंध नाही. म्हणजे बघा, परका देश, डोक्यावर कर्ज, वय जेमतेम चोवीस-पंचवीस, आणि ज्याच्या हातात आपली डिग्री त्याच्याच थिअरीला आकडे दाखवून नाही म्हणायचं. मला 'युगान्त'पेक्षा याचं अप्रूप जास्त वाटतं, प्रत्येकाचं वेगळं असेल.

घरात त्या इरू आणि नवरा दिनू. नवऱ्याला नावाने आणि अरे-तुरे करायचं म्हणजे त्या काळच्या पुण्यात केवढा गहजब! मंगळसूत्र नाही, कुंकू नाही, आणि पन्नाशीच्या दशकात पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांचंच नाव घेतात. त्या स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना, बाईंच्या पर्समध्ये पैसे आहेत ना, हे दिनकरराव बघायचे असं सांगतात. फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल होते हो ते, रिकामे नव्हते! 'कसं जमवलं'चं अर्धं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

बाकीचं अर्धं म्हणजे त्यांचा स्वतःचा झपाटा. 1939 पासून डेक्कन कॉलेजात, आणि तिथून माणसांची डोकी-नाकं मोजायची हत्यारं घेऊन गावोगाव. पुरातत्त्वज्ञ सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला उत्खनन, तिथले प्राचीन सांगाडे, शिवाय नातेसंबंधांवरचं 1953 चं मोठं पुस्तक. आपल्याकडे मामाची मुलगी लग्नाला चालते आणि आत्याची नाही, उत्तरेत दोन्ही नाही, दक्षिणेत दोन्ही चालतात आणि वर सख्खा मामाही चालतो, हे सगळं भारतभर नकाशा मांडल्यासारखं त्यांनी लावून दाखवलं. कुंभारांवरचं काम तर फारच भारी. थोरचाके कुंभार, लहानचाके कुंभार, नुसतं चाक वेगळं म्हणून आपण सोडून देऊ, पण यांचं आपापसात लग्न होत नाही. म्हणजे एका मोठ्या जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या असं धरून चालता येत नाही, वेगवेगळे गट एकाच धंद्यामुळे एका नावाखाली आले असतील, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे गुरू समाजशास्त्रज्ञ घुर्ये, त्यांच्या मताच्या हे उलट. गुरूंना उलट उत्तर द्यायची बाईंना सवयच दिसते.

डोकी-नाकं मोजून समाज समजतो यावर आज कोणी विश्वास ठेवत नाही, आणि जग तिथून पुढे गेल्यावरही त्या मोजत राहिल्या ही टीका मला रास्त वाटते. पण कोयना धरणाने उठवलेल्या लोकांचा सर्व्हे घ्या, 1969 चा. तिथे कवट्या-बिवट्या नाहीत, माणसं कुठे गेली, जमीन मिळाली का, हे विचारलंय. आणि सोबतीला लेखिका कोण, तर मुलगी जाई निंबकर. मुलगा आनंद शेतीशास्त्रज्ञ झाला, धाकटी मुलगी, लेखिका गौरी देशपांडे तर तुम्हाला माहीतच असेल.

आई म्हणून त्यांना काय वाटायचं हे त्यांच्याच 'परिपूर्ती' लेखात आहे. सभेत ओळख करून देतात, अमक्याची सून, तमक्याची बायको, स्वतः विदुषी, सगळं होतं तरी काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं, आणि मग रस्त्यात पोरं एकमेकांना सांगतात की ती बघ कर्व्याची आई, तेव्हा कुठे ओळख पुरी होते. काही जण हा लेख आईपणाचा गौरव म्हणून शाळेत शिकवल्यासारखा वाचतात. मला त्यात मिश्कीलपणा बराच दिसतो, विद्वान बाईची ओळख पोरांनी एका वाक्यात उरकली याचा.

1970 च्या ऑगस्टमध्ये गेल्या, चौसष्ट वर्षांच्या. वाचायचं असेल तर 'परिपूर्ती' आणि 'भोवरा' हे लेखसंग्रह आधी घ्या, मग 'युगान्त'. नातेसंबंधांचं पुस्तक इंग्रजीत आहे आणि तक्त्यांनी खच्चून भरलंय, ते रात्री झोपताना हातात घेऊ नका.