फी भरली म्हणजे झालं का?

प्रश्न: ओळखीतल्या एका मुलीच्या घरची परिस्थिती बिकट आहे. तिची फी आम्ही थेट शाळेत भरणार आहोत. तेवढं पुरेल ना?

उत्तर: फी थेट शाळेत भरणं योग्यच. पावती मुलीच्या नावाने घ्या, एक प्रत तिच्या घरी ठेवा. पण पुष्कळ मुलांची शाळा सुटते ती फीबाहेरच्या खर्चापायी: परीक्षा शुल्क, वह्या, गणवेश, बूट, येण्याजाण्याचं भाडं, चष्मा, मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी पॅड. सत्र सुरू होण्याच्या दोन महिने आधी तिच्या पालकांसोबत बसून ही यादी करा. बेरजेच्या एक दशांश रक्कम अडीअडचणीसाठी वेगळी ठेवा. आकडे दर वर्षी नव्याने मांडा, कारण प्राथमिकमधून माध्यमिकमध्ये जाताना खर्च एकदम वाढतो आणि गळतीही तिथेच होते.

भाड्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्या. वर्षाची रक्कम एकदम हातात पडली की घरातलं आजारपण किंवा थकलेलं देणं ती गिळून टाकतं. त्यात अप्रामाणिकपणा नसतो, निकड असते.

एकदाच काहीतरी देऊन मोकळं होण्याचा मोह टाळा. केनियात मोफत गणवेश मिळालेल्या मुलांची गैरहजेरी सुरुवातीला बरीच घटली, पण आठ वर्षांनी पाहिलं तर त्याचा टिकाऊ परिणाम दिसला नाही. याउलट 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह 6 देशांतल्या अभ्यासात, वर्षानुवर्षं प्रायोजकत्व मिळालेली मुलं इतरांपेक्षा सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकल्याचं आढळलं. म्हणून निदान एक पूर्ण टप्पा, म्हणजे माध्यमिक संपेपर्यंत, झेपेल एवढीच रक्कम ठरवा. कमी रक्कम चालेल, तुटक नको.

प्रश्न: गुण कमी पडले तर मदत थांबवावी का? प्रोत्साहन म्हणून तशी अट घालायचा विचार आहे.

उत्तर: नको. गुण घसरतात तेव्हा बहुधा घरी काहीतरी बिघडलेलं असतं: आजारी भावंड, कामाचा बोजा, न दिसणारा फळा. नेमक्या त्याच वेळी मदत काढून घेणं म्हणजे शाळा सोडायला लावणं. अट घालायचीच तर हजेरीची घाला, आणि तीही चौकशी सुरू करण्यापुरती. दर महिन्याला हजेरी विचारा. लागोपाठ आठवडाभर गैरहजेरी दिसली की वर्गशिक्षकांशी बोला. सत्राअखेरच्या गुणपत्रिकेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

प्रश्न: संस्थेमार्फत मूल ‘दत्तक’ घेतलं, तर माझे पैसे त्याच मुलाला मिळतात का?

उत्तर: बरेचदा नाही. अनेक संस्था सगळ्या प्रायोजकांचे पैसे एकत्र करून गावाच्या किंवा शाळेच्या कामावर खर्च करतात. फोटोतलं मूल त्या कामाचा चेहरा असतं. ही पद्धत वाईट नाही, उलट शेजारच्या मुलांवर अन्याय होत नाही. फक्त संस्थेने ते स्पष्ट सांगायला हवं. पैसे देण्याआधी तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा, आणि मूल गाव सोडून गेलं किंवा शाळेतून गळालं तर तुम्हाला कळवतात का, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संस्था बघा.

पत्रव्यवहार संस्थेमार्फतच ठेवा. मुलाचा पत्ता, शाळेचं नाव किंवा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. महागड्या भेटवस्तूही नकोत, त्याने भावंडांत कुरबुर होते. आभाराचं पत्र आलं नाही तर मागू नका.

प्रश्न: मध्येच नोकरी गेली तर?

उत्तर: सुरुवातीलाच एका सत्राची फी बाजूला ठेवा, तिला हात लावू नका. थांबावं लागलंच तर शक्यतो शैक्षणिक वर्षाच्या शेवटी थांबा आणि सहा महिने आधी सांगा. तेवढ्या वेळात शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो किंवा दुसरा प्रायोजक शोधता येतो. हे बोलणं मोठ्यांशी करा, मुलीला निरोप्या बनवू नका.