प्रशासन सुधारणांवर संशोधन करून करिअर होतं का? (जरा मोठं उत्तर आहे)

तुझा प्रश्न वाचला. एमए लोकप्रशासन झालंय, एमपीएससीचे अटेम्प्ट देऊन झाले, ऐरोलीत राहतेस, आता प्रशासकीय सुधारणांवर पीएचडी करायचीय, पण घरचे म्हणतात यात पुढे काय, आणि एका सरांनी 'सुशासन आणि विकास' असा विषय सुचवलाय. मी ठाण्यात कॉलेजला हाच विषय बरीच वर्षं शिकवते आणि महापालिकांच्या कारभारावर संशोधन करते, तुझ्या वयाच्या मुली समोर बसलेल्या असतात म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको.

आधी विषयाचं सांगते कारण खरं दुखणं तिथे आहे, पगाराचं नंतर. तो सुशासनवाला विषय घेऊ नकोस. त्यावर लायब्ररीत कपाटं भरून प्रबंध आहेत आणि सगळ्यांचं पहिलं प्रकरण एकच, १९६६ चा पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग, मग २००५ मध्ये वीरप्पा मोईलींचा दुसरा आयोग, त्याचे १५ अहवाल, आणि शेवटी शिफारशी. आयोगांचे अहवाल वाचायचेच, मी मुलांना मोईली आयोगाचा नागरिककेंद्री प्रशासनावरचा अहवाल आवर्जून वाचायला लावते, पण अहवालांचा गोषवारा म्हणजे संशोधन नव्हे. आपल्याकडे सुधारणा जाहीर होते त्या दिवशीचं भरपूर लिहिलं जातं, ती राबवणारा अधिकारी बदलून गेल्यावर तिचं काय होतं यावर फार थोडे लोक चिकाटीने बसलेत. मी इतकी वर्षं याच प्रश्नावर आहे आणि अजून कंटाळा आलेला नाही.

लखिना पॅटर्न एमएला वाचला असशील. ८० च्या दशकात अनिलकुमार लखिना अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कलेक्टर होते, त्यांनी ऑफिसची बसायची व्यवस्था, कामाची वाटणी, रेकॉर्डची मांडणी सगळं बदलून टाकलं, लांबलांबून लोक बघायला यायचे आणि पुढे इतर ऑफिसांतही तोच कित्ता गिरवायचा प्रयत्न झाला. पुस्तकात गोष्ट इथे संपते. मला पुढचं हवं असतं. त्यांच्यानंतरच्या साहेबांनी त्यातलं काय ठेवलं, काय गुंडाळलं, आणि नुसतं नाव तेवढं कुठे उरलं? तसंच आमच्या ठाण्याचं. टी. चंद्रशेखर आयुक्त असताना ९० च्या दशकाच्या शेवटी रस्ते रुंद झाले, त्या वयाचा कुठलाही ठाणेकर आजही ते सांगेल. रस्ता रुंद झाला की तो दिसतो, पुन्हा अरुंद करायला कोणाची छाती होत नाही. पण एखादी चांगली कार्यपद्धती बसवली असेल तर ती साहेबाच्या बदलीनंतर हळूहळू विरत जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, तेच आपण लक्षात ठेवायचं असतं.

याला कायद्याचाही आधार आहे. २००५ चा बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा कायदा आहे ना, एकाच कायद्यात दोन्ही गोष्टी आहेत, पदावर साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ आणि फाईल नेहमीच्या कामात सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर पडून राहता कामा नये. अण्णा हजारेंच्या आंदोलनामुळे तो आला हे सगळ्यांना पाठ असतं. तो टेबलावर कसा चालतो हे मात्र टेबलापाशी बसल्याशिवाय कळत नाही.

मी काय बघितलं ते सांगते, ऑफिसचं नाव घेत नाही. एका प्रभाग कार्यालयात दाखल्यांच्या खिडकीशेजारच्या बाकावर मी बरेच दिवस परवानगी घेऊन बसत होते. अर्ज ऑनलाइन आलेला. क्लार्क आधी त्याची प्रिंट काढायची, तिला आवक नंबर द्यायची, लेस लावून फाईल करायची, कारण वरच्या साहेबांची सही कागदावर व्हायची, आणि सही झाली की परत येऊन सिस्टीममध्ये 'निकाली' करायची. म्हणजे तिचं काम डबल. दुसरं त्याहून महत्त्वाचं. लोकसेवा हक्क कायदा, २०१५ चा, ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायचा, त्यात मुदत मोजली जाते ती सर्व बाबतीत पूर्ण अर्ज मिळाल्यापासून. त्यामुळे कागद कमी आहे असा त्रुटीचा शेरा मारून अर्ज परत गेला की घड्याळ थांबतं, पूर्तता झाली की नव्याने सुरू. एक आजोबा त्याच दाखल्यासाठी परत परत येताना मला दिसले, दर वेळी वेगळी त्रुटी, आणि त्यांचा अर्ज रिपोर्टमध्ये मात्र वेळेत निकाली निघालेला. क्लार्क कामचुकार अजिबात नव्हती, तिला आठवड्याच्या मीटिंगला प्रलंबित अर्जांचा आकडा शून्य दाखवायचा असायचा आणि तिने तो दाखवला. टक्केवारीचा तक्ता खोटा नसतो, पण त्या आजोबांच्या खेपा मोजायचा रकानाच त्यात नसतो. तो रकाना तयार करणं हे आपलं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

बाहेरच्या लोकांपैकी एकच नाव घेते, एलिनॉर ऑस्ट्रॉम. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल, तो मान मिळवणारी पहिली बाई, मूळची राज्यशास्त्राची. कॅलिफोर्नियातल्या भूजलावर तिची पीएचडी, १९६५ ची, पण तुझ्यासाठी महत्त्वाचं म्हणजे ७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने विद्यार्थ्यांना घेऊन इंडियानापोलिसच्या आसपास पोलिसांवर केलेलं काम. एकमेकांना लागून असलेल्या, सारख्याच लोकवस्तीच्या भागांची तुलना, एकीकडे शहराचं मोठं पोलीस खातं आणि दुसरीकडे छोट्या गावांची स्वतःची पोलीस खाती. तेव्हाचे सुधारणावाले म्हणत होते सगळं एकत्र करा, मोठं करा, म्हणजे कारभार सुधारेल. लोकांना विचारलं तेव्हा छोट्या खात्यांचं काम मोठ्याच्या बरोबरीचं किंवा जास्त चांगलं निघालं.

आता हे ऐरोलीत बसून वाच. तुझ्याजवळच दिघा आहे, तो नवी मुंबई महापालिकेत, आणि त्याला लागून ठाण्याकडे विटावा, तो ठाणे महापालिकेत. मधे हद्द सोडली तर काही नाही, तोच ठाणे-बेलापूर रोड, वस्त्याही बऱ्याचशा सारख्या. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ची, नवी मुंबईची १ जानेवारी १९९२ ची. एकच सेवा घे, जन्मदाखला घे नाहीतर नळजोडणी घे, आणि हद्दीच्या दोन्ही बाजूंना ती कशी मिळते ते बघ. शिवाय २०२० मध्ये नवी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली, २०२२ मध्ये ठाण्याची, आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत होते, म्हणजे नगरसेवक नसताना माणूस तक्रार घेऊन कोणाकडे जात होता हा प्रश्न तुला आयता मिळालाय. किंवा सिडको घे, नवी मुंबई वसवणारं राज्य सरकारचं महामंडळ, १९७० ची, जमीन तिची भाडेपट्ट्याने दिलेली आणि पाणी-कचरा-मालमत्ता कर महापालिकेकडे, फ्लॅट विकताना माणूस एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात कसा फिरतो यावर एक आख्खा प्रबंध होईल. सिडको भवन, महापालिका मुख्यालय आणि विभागीय आयुक्तांचं कोकण भवन, तिन्ही सीबीडी बेलापूरलाच आहेत, तुला तर ट्रान्स-हार्बर लोकलने जाता येईल.

माहिती कशी मिळवायची, तर जीआर, म्हणजे शासन निर्णय, सगळे सरकारच्या साइटवर असतात, प्रत्येक जीआरचा संगणक संकेतांक, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, वहीत लिहून ठेवायची सवय लाव. आरटीआय टाकताना आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा आहे, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. पण माझा भर फाईल प्रत्यक्ष बघण्यावर. २०१८ चा जीआर आहे, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ जिल्हा पातळीपर्यंतच्या ऑफिसांत आणि महापालिकांमध्ये लोकांना अभिलेख बघायला द्यायचे असा, फार कमी लोकांना माहीत आहे, तू सोबत प्रिंट घेऊनच जा. आणि घाई कर, कारण सहा गठ्ठे पद्धतीत, म्हणजे सरकारी ऑफिसांतल्या कागदांची वर्गवारी करून ठेवायच्या पद्धतीत, अ वर्गाचे कागद कायम राहतात, ब वर्गाचे ३० वर्षं, पण ड वर्गाचे वर्षभरानंतर नष्ट करायला काढतात, आणि अर्ज परत का केला वगैरे किरकोळ वाटणारी पत्रं मला बहुतेक वेळा तिथेच सापडलीत. क्लार्क, शिपाई, रेकॉर्ड कीपर यांच्याशी नीट वाग, त्यांच्या चहाच्या वेळेला मधे मधे करू नको, आणि त्यांचं नाव कधीही कुठेही छापू नको, तुझ्या पेपरमुळे एखाद्याला मेमो मिळाला तर ते दार पुढच्या संशोधकालाही बंद होतं.

आता पैसे. गोड बोलणार नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार, पुढे सिनियर फेलो झालीस की ४२ हजार, त्यात घरच्यांना तोंड देता येतं. नुसती नेट किंवा राज्याची सेट परीक्षा झाली तर शिकवायला पात्र आहेस, पण कायम जागा फार कमी निघतात आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, माझे हुशार विद्यार्थी वर्षानुवर्षं राबताना मी बघतेय, याचा मला खरंच त्रास होतो. त्यामुळे फक्त प्राध्यापकीवर आशा ठेवून उतरू नको. आयसीएसएसआरची, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, डॉक्टरल फेलोशिप बघ, मुख्यमंत्री फेलोशिप बघ, यशदा (राज्य सरकारची पुण्यातली प्रशिक्षण संस्था), अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था, प्रजा फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था अशा ठिकाणी संशोधनाची कामं निघतात, तिथे फाईल वाचता येणारा आणि मराठी टिपणी समजणारा माणूस लागतो. एमपीएससीचा अभ्यास वाया गेला असं समजू नको, पंचायत राज, ७३ वी-७४ वी घटनादुरुस्ती, महापालिका अधिनियम हे सगळं तुझं तयार आहे.

पीएचडीला यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. थिसिस देण्याआधी पेपर छापायची सक्ती आता यूजीसीने काढलीय, तेव्हा पैसे भरून पंधरा दिवसांत छापून देणाऱ्या जर्नलच्या नादी लागू नको, त्यापेक्षा दोन वर्षं खपून एक लेख आयआयपीएच्या (भारतीय लोकप्रशासन संस्थेच्या) जर्नलला नाहीतर ईपीडब्ल्यू (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) साप्ताहिकाला पाठव. परत आला तरी समीक्षकांचे शेरे मिळतात, तेवढ्यासाठीही पाठव. गाईड निवडताना त्यांच्या हाताखालच्या मुलांना गाठून एकच विचार, मॅडम किंवा सर फिल्डवर्कची टिपणं वाचतात का.

सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, झाला की इथेच टाक, मी नक्की वाचते. शीर्षकात सेवा कोणती, ऑफिस कोणतं आणि वर्षं कुठली ते तिन्ही आलेलं पाहिजे. आणि सुधारणा आणणारा अधिकारी कधी रुजू झाला, कधी बदलून गेला या दोन तारखा पहिल्याच पानावर दे.