खाली पूर्ण नाव लिही

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. ‘सर, मी फक्त फॉरवर्ड केलं’ हे त्यात पुन्हा पुन्हा आलंय. त्या मुलीचा मॉर्फ केलेला घाणेरडा फोटो बनवणारा दुसरा, नाव न देता काहीही टाकता येणाऱ्या कन्फेशन पेजवर टाकणारा तिसरा, आणि तू हसणारा इमोजी लावून होस्टेलच्या ग्रुपवर पुढे ढकलणारा. आता ती कॉलेजला येत नाही आणि तुला झोप लागत नाही. लागत नाही, म्हणूनच लिहितोय.

‘मी असा मुलगा नाही, मग हे झालं कसं?’ असं विचारतोस. नसशीलही. वर्गात तिच्याशी तू मान वर करून बोलत नाहीस. पण स्क्रीनवर समोरच्याचा पडलेला चेहरा दिसत नाही, आपलं नाव दिसत नाही, आणि हात सैल सुटतो. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने 2004 मध्येच हे मांडलंय. त्यात गावाहून आलेलं पोरगं, होस्टेलवर नुकतंच कुठे आपलं म्हणायला लागलेले मित्र. सगळे हसत असताना गप्प बसायचीही भीती वाटते. हे मला कळतं.

1968 साली न्यूयॉर्कमध्ये डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माइकवरून बोलायला लावलं. मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लगेच मदतीसाठी उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं तिथे 31 टक्के. तुमच्या ग्रुपवर दीडशे पोरं होती. दीडशे! एकालाही ‘डिलीट कर’ म्हणवलं नाही?

म्हणून माझा एकच हट्ट. जे टाकशील त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव लिही, वडिलांच्या नावासकट. लिहवत नसेल तर टाकू नकोस. छळ सोसणाऱ्याने नाव झाकावं. तशा बिननावाच्या तक्रारी मी घेतल्यात. पण दुसऱ्याला चिखल फासायला बिननावाचं राहायचं, हे चालणार नाही. सहकारी मला हेकट म्हणायचे. म्हणू देत. कॉलेजच्या तक्रार समितीवर असताना आमचा निर्णय यायच्या आत एका मुलीने दाखला काढून नेला, ते मला अजून सलतं. तो हेकटपणा तेव्हापासूनचा आहे आणि तो मी सोडणार नाही.

कायद्याचं विचारलंस. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 अश्लील मजकूर पुढे पाठवणाऱ्यालाही लागतं. पहिल्या गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. तुझं ‘फक्त’ तिथे टिकत नाही. अकाउंट उडवू नकोस, चॅट पुसू नकोस. तो पुरावा आहे आणि त्याची गरज तिला आहे.

उद्याच समितीपुढे जा. कुणाकडून आलं, तू कुठे पाठवलंस, सगळं लेखी दे. मित्र तुटतील, तुटू देत. तिला परस्पर मेसेज करून माफी मागू नकोस; तुझं ऐकायचं की नाही हे तिला ठरवू दे, समितीमार्फत विचार. अर्ज लिहिलास की आधी मला दाखव. ‘फक्त’ हा शब्द सापडला तर परत पाठवीन.

तुझा,
सर