जिंकलेले रिप्ले आणू नकोस

दांडिया बाजार, बडोदा
शनिवार, रात्री साडेअकरा

वरच्या मजल्यावरच्या चॅम्पियनला अनेक आशीर्वाद.

जिन्यात तू दोनदा अडवलंस आणि दोन्ही वेळा मी ‘बघू’ म्हणून सटकलो. ते जिन्यात उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं, शिवाय वरून तुझी आई ऐकत होती. म्हणून आज लिहायला बसलोय.

तू विचारलंस, ‘काका, स्ट्रीट फायटरमध्ये मास्टर व्हायला किती दिवस लागतात?’ मला चौदा महिने लागले. त्यातले पहिले आठ मी फुकट घालवले. तुझ्या बोलण्यावरून वाटतं, तेच आठ तू सध्या घालवतो आहेस.

स्ट्रीट फायटर सिक्स, हा दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम, जून २०२३ मध्ये आला. मी तो घेतला तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. खेळाडू म्हणून केनच घेतला, कारण शाळेत असताना तासावर व्हिडिओ गेम मिळायचा त्या दुकानात मी केनवरच पैसे उधळले होते. गुण वाढले की वरची पायरी मिळते. प्लॅटिनमपर्यंत बरा गेलो. पुढची पायरी डायमंड १९,००० गुणांना लागते, मास्टर २५,००० ला. मी २१,००० च्या आसपास येऊन अडकलो. रोज रात्री जेवण झालं की बसायचं, दीडशे गुण कमवायचे, दोनशे घालवायचे, बायकोला ‘ही शेवटची’ म्हणायचं आणि आणखी सहा मॅच खेळायच्या. कारण तयार होतं : वय झालं, हात मंदावले. तुझं कारण कंट्रोलर आहे. एकूण एकच.

माझं कारण खोटं आहे हे मला एका रविवारी कळलं. हा खेळ सेकंदाला ६० फ्रेम चालतो. डोळ्यांना काही दिसून बोट हलेपर्यंत माणसाचा साधारण पाव सेकंद जातो, म्हणजे १५ फ्रेम. ड्राइव्ह इम्पॅक्ट, तो रंग उडवत येणारा दणका, बटण दाबल्यापासून २६ फ्रेमनी पोचतो. हिशेबाने हातात अकरा फ्रेम उरतात. तरी मी रोज तो खात होतो. त्या दिवशी ट्रेनिंग मोडमध्ये पुतळ्याला तो दणका मधूनच, कधीही मारायला लावला. वीसपैकी एकोणीस मी परतवले. लगेच मॅचला बसलो आणि पहिल्या दोन राउंडमध्ये तीन खाल्ले.

बोटं तीच, खुर्ची तीच. फरक डोक्यात होता. पुतळ्यासमोर मी एकाच गोष्टीची वाट बघत होतो. मॅचमध्ये समोरचा उडी मारेल का, थ्रो करेल का म्हणजे धरून आपटेल का, माझा कॉम्बो, म्हणजे फटक्यांची साखळी, पुरी होईल का, ड्राइव्ह गेज, म्हणजे खास चालींसाठीची ताकदीची पट्टी, किती उरलीय, हरलो तर किती गुण जातील, सगळं एकदम चालू होतं. खेळणारे याला मेंटल स्टॅक म्हणतात. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी मंगळबाजारात सख्खा भाऊ समोरून गेला तरी दिसत नाही ना, तसं.

तू मला २००४ सालच्या इव्होचा, म्हणजे या खेळांच्या मोठ्या स्पर्धेचा, तो व्हिडिओ पाठवला होतास आणि खाली लिहिलं होतंस, ‘शुं रिफ्लेक्स छे, काका!’ परत बघ. दाइगो उमेहाराच्या केनकडे इतकं कमी आयुष्य उरलंय की नुसता ब्लॉक केला तरी तो मरेल. जस्टिन वाँगची चुन-ली तिचा सुपर, म्हणजे फटक्यांचा मोठा हल्ला, सोडते आणि दाइगो पंधराच्या पंधरा फटके पॅरी करतो, म्हणजे इजा न होता परतवतो. त्या खेळात पॅरीसाठी स्टिक समोरच्याच्या दिशेनं टेकवावी लागते, आणि पहिल्या फटक्याची पॅरी सुपर डोळ्यांना दिसल्यावर दाबून जमत नाही. समोरचा आता हेच करणार हे त्यानं आधीच ओळखलं होतं. पुढच्या चौदाचा ताल हातात घोटलेला होता. म्हणजे त्या क्षणी त्याला बघायचं फारच थोडं उरलं होतं.

मग मी केलं काय? माझ्या नोकरीतलंच काम घरी आणलं. मी मकरपुऱ्यात पार्ट तपासतो हे तुला माहीत आहे. लॉट परत आला तर रजिस्टरमध्ये ‘माल खराब’ असं आम्ही लिहीत नाही. कुठलं माप चुकलं, किती पार्टमध्ये, कुठल्या मशीनवर, हे लिहितो. आणि घरी येऊन मी स्वतःबद्दल म्हणत होतो काय, तर ‘आज खेळ बेकार झाला’. नोकरीत असं लिहिलं असतं तर साहेबांनी रजिस्टर तोंडावर फेकलं असतं.

शंभर पानी वही आणली. हरलेल्या दहा मॅचचे रिप्ले लावले आणि एकच गोष्ट मोजली : समोरचा किती वेळा उडी मारून अंगावर आला आणि मी त्याला किती वेळा हवेत पाडलं. त्रेचाळीस उड्या, पाडल्या सात. अरे, लाज वाटली. कॉम्बो मी यूट्यूबवरून पाठ करत होतो आणि लोक माझ्या डोक्यावर गच्चीवर चढल्यासारखे चढत होते.

महिनाभर एकच काम ठेवलं. कोणी उडाला की शोर्युकेन, म्हणजे केनचा वर उसळणारा ठोसा. मॅच गेली तरी चालेल, थ्रो खाल्ला तरी चालेल. पहिल्याच आठवड्यात कळलं की मी स्क्रीनच्या डाव्या बाजूला असलो की शोर्युकेन निघतो, उजव्या बाजूला गेलो की निघत नाही. ट्रेनिंग मोडमध्ये कडेला आपण काय दाबलं ते दिसतं. पुढे, खाली, तिरकं खाली-पुढे, असं हवं. माझ्या यादीत ‘खाली’ येतच नव्हतं. अंगठा अर्ध्यातून परतत होता. असं का, हे शोधण्यात चार दिवस गेले. शेवटी गुन्हेगार सापडला : सोफ्याचा हात. त्यावर कोपर टेकलं की मनगट वाकडं व्हायचं. तेव्हापासून मी जेवणाच्या टेबलाच्या बिनहाताच्या खुर्चीवर बसून खेळतो. बायको हसते. हसू दे.

त्या महिन्यात मी २१,६०० वरून १९,९०० वर आलो. डायमंडच्या तीन ताऱ्यांचा एक तारा झाला. तू इथेच टिकणार नाहीस, अशी मला भीती आहे. गुण रोज डोळ्यांसमोर घसरतात आणि वहीतले आकडे फार हळू वर जातात. आता तो नाद सोडून जुनं काहीतरी करून दोन मॅच जिंकाव्यात असं वाटतं. मलाही वाटलं, दोनदा केलंही. पण महिन्याअखेरीस मी निम्म्याहून जास्त उड्या पाडत होतो, आणि एक गंमत झाली. लोकांनी उडणंच कमी केलं. तेवढी काळजी डोक्यातून गेली आणि ड्राइव्ह इम्पॅक्ट मला आपोआप दिसायला लागला. त्याचा सराव मी वेगळा केलाच नव्हता. मग थ्रो घेतला, मग कोपऱ्यातून सुटणं. एका वेळी एक.

नवा लिव्हरलेस, म्हणजे स्टिकऐवजी नुसती बटणं असलेला, कंट्रोलर घेऊ नकोस. लॅन केबल घे, बाल्कनीतून ओढायला मी मदत करतो. समोरच्याला तुझं वाय-फायचं चिन्ह दिसतं आणि शहाणे लोक मॅच नाकारतात. लागोपाठ दोन हरलास की उठ, पाणी पी. परीक्षेच्या दिवसांत रात्री अकरानंतर खेळू नकोस, झोपेत हात जे शिकतो ते जागरणात शिकत नाही.

घरी मात्र ‘यात करिअर आहे’ वगैरे सांगू नकोस. भुजच्या तीर्थ मेहतानं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये हार्थस्टोन या पत्त्यांच्या व्हिडिओ गेमचं कांस्य आणलं खरं, पण तेव्हा ई-स्पोर्ट्स नुसतं प्रात्यक्षिक होतं, पदकतालिकेत ते धरलं नाही. आजोबा ‘हा काय खेळ आहे?’ म्हणाले तर वाद घालू नकोस. त्यांना १९४७ ची रणजी फायनल विचार. इथे बडोद्यात होळकरांच्या संघासमोर हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ ची भागीदारी केली, गुल ३१९, हजारे २८८. आजोबा ती स्वतः बघितल्यासारखी सांगतात, त्या वेळी ते जन्मले तरी होते का, कोण जाणे. सांगून झालं की हळूच विचार, हजारे एका चेंडूत किती काढत होते.

मी २५,००० ओलांडले ती मॅच अगदीच भिकार होती. समोरच्याचं नेट अडखळत होतं आणि मी तीन थ्रो खाल्ले. वहीत तेच लिहिलंय, तारखेसकट. मास्टरचा बिल्ला पुन्हा जात नाही, पण तिथे पोचलं की मास्टर रेट नावाचा नवा आकडा १५०० पासून सुरू होतो. माझा आठवडाभरात १४०० च्या खाली गेला होता.

उद्या सकाळी नऊला खाली ये. सेव-उसळ मी आणतो. पेन ड्राइव्ह, कंट्रोलर काही नको. एक वही आण आणि तुझे हरलेले दहा रिप्ले निवडून ठेव. जिंकलेले आणू नकोस.

तुझा,
खालचे काका