झाडाभोवती फिरणारी आगगाडी : कुठला सेट घ्यायचा?

प्रश्न : नमस्कार, आम्ही मूळचे डोंबिवलीचे, आता एडिसन, न्यू जर्सीला असतो. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, गेल्या डिसेंबरात शेजाऱ्यांकडे ख्रिसमस ट्रीखाली ट्रेन फिरताना बघून आला आणि तेव्हापासून त्याला तीच हवीये. आमचं झाड आर्टिफिशियल, सात फुटी, खाली कार्पेट. ऑनलाइन बघायला बसलं की ओ, एचओ, जी, बॅटरीवाली, रिमोटवाली, धूर सोडणारी, काही कळेनासं होतं. घेऊ ती काही वर्षं तरी टिकावी, एका सीझननंतर गराजमध्ये जाऊन पडू नये. काय घेऊ?

उत्तर : आधी टेप घ्या, इंजिन नंतर बघा. झाडाच्या सगळ्यात खालच्या फांद्या किती पसरतात ते मोजा, मग त्या फांद्या जमिनीपासून किती वर आहेत तेही. सात फुटी भरगच्च झाड असेल तर पसारा साधारण साडेचार फूट असतोच, आणि गाडीला वरून सहा-सात इंच तरी मोकळे हवेत, नाहीतर दर फेरीला चिमणी फांदीत अडकणार. बहुतेक लोक इंजिनाचा फोटो बघून सेट घेतात आणि घरी आल्यावर कळतं की रुळांचं वर्तुळ एवढं छोटं आहे की गाडी सगळी फांद्यांखालीच फिरतेय, वरून काही दिसतच नाही. मुलाला तर गाडी येताना-जाताना दिसायला हवी ना!

आता साइझचं. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ वा भाग, दोन रुळांत अंतर साडेसोळा मिलिमीटर. दिसायला फार सुंदर आणि स्वस्तही, पण ही टेबलावर मांडायची गाडी आहे, जमिनीवर कार्पेटवर चार वर्षांच्या मुलाच्या हातात ती सारखी घसरणार आणि तेवढी बारीक चाकं रुळावर परत बसवायला तुम्हालाच प्रत्येक वेळी गुडघ्यावर यावं लागणार. जी साइझ त्याच्या उलट, ४५ मिलिमीटरचे रूळ, दणकट, झाडाखाली शोभतेही छान. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी नावाने या गाड्या काढल्या, त्या बागेतसुद्धा चालतात. पण त्यांचं सगळ्यात छोटं वर्तुळच चार फुटांचं असतं आणि किंमत बघून दोनदा विचार करावा लागतो. जागा आणि बजेट दोन्ही असेल तर जरूर घ्या, नसेल तर वाईट वाटून घेऊ नका.

तुमच्यासाठी माझं मत सरळ आहे, ओ गेज, म्हणजे ओ साइझ. ४८ पटीने लहान, रुळांत साधारण सव्वा इंच अंतर, डबा मुलाच्या मुठीत नीट बसतो आणि वजन असल्याने गाडी रुळावर टिकते. अमेरिकेत झाडाखालची गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे हीच येते आणि त्यामागे लायोनेल कंपनीचा मोठा हात आहे. जोशुआ लायोनेल कॉवेन यांनी १९०० मध्ये न्यूयॉर्कला ही कंपनी सुरू केली, त्यांची पहिली विजेवर चालणारी गाडी खरं तर दुकानाच्या काचेत गिऱ्हाइकांचं लक्ष वेधायला बनवली होती, पण लोक आत येऊन ती गाडीच विकत मागायला लागले!

याच कंपनीचे लायनचीफ नावाचे रिमोटवाले सेट मिळतात, तुमच्या मुलाच्या वयाला ते बरोबर बसतात, रिमोटवर स्पीड, शिट्टी, घंटा एवढंच. अशा सेटमध्ये बहुतेक वेळा आठ वळणाचे तुकडे आणि चार सरळ तुकडे येतात, पुस्तिकेप्रमाणे जोडले की ४० बाय ६० इंचांचा लांबट गोल होतो. झाड गोल, रूळ लांबट, त्यामुळे दोन बाजूंना गाडी फांद्यांत गडप होते. त्याऐवजी असं करा, दोन वळणं झाली की एक सरळ तुकडा, परत दोन वळणं, परत एक सरळ, म्हणजे तेवढ्याच तुकड्यांत ५० बाय ५० चा गोलसर कोपऱ्यांचा चौकोन तयार होतो, एक पैसा जास्त न घालता. आणि दहा इंची सरळ तुकडे अजून चार आणलेत तर ६० बाय ६०, तुमच्या झाडाला एकदम मापात, गाडी चारी बाजूंनी फांद्यांच्या बाहेर. फक्त मग झाडाचा मध्य भिंतीपासून निदान अडीच फूट लांब हवा, कोपऱ्यात झाड ठेवत असाल तर आधी जमिनीवर मास्किंग टेप लावून बघा.

कार्पेटचं म्हणाल तर या सेटच्या रुळांना खाली प्लास्टिकचा पाया असतो त्यामुळे निभावतं, तरी पातळ प्लायवूड घातलंत तर सांधे हलत नाहीत आणि कार्पेटचे तंतू चाकांच्या गिअरमध्ये जात नाहीत. एक काळजी मात्र घ्या. ओ गेजला तीन रूळ असतात, मधल्यातून करंट येतो आणि बाहेरच्या दोघांतून परत जातो, त्यामुळे झाडावरची चमकी खाली पडून मधला आणि बाहेरचा रूळ जोडला गेला की शॉर्ट होतो आणि गाडी जागच्या जागी थांबते, लोकांना वाटतं इंजिन गेलं. म्हणून चमकी खालच्या फांद्यांना नकोच. गाडी अडखळायला लागली तर कपड्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसा, प्लग काढून, आणि ते वाळल्यावरच परत सुरू करा.

धूर सोडणारं इंजिन मुलांना फार आवडतं, मलाही आवडतं, पण त्याचं लिक्विड तुमच्याच ताब्यात ठेवा, थेंब मोजून घाला आणि ते संपल्यावर धुराचं बटण बंद करा, कोरडं चालवलं की आतला भाग जळतो.

बॅटरीवाला प्लास्टिकचा सेट खूप स्वस्त पडतो आणि फक्त एका वर्षाची हौस असेल तर ठीकच आहे. पण त्याचे रूळ ओ गेजला जोडता येत नाहीत, म्हणजे पुढच्या वर्षी वाढवायचं म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून खर्च. तुम्हाला टिकाऊ हवंय म्हणून मी त्याच्याकडे जाणार नाही. आणि गराज सेलमध्ये जुनं लायोनेल इंजिन मिळालं तर ते या रिमोटवाल्या सेटच्या रुळांवर ठेवू नका, या रुळांत कायम पूर्ण करंट असतो आणि स्पीड इंजिनाच्या आत ठरतो, जुन्या इंजिनात ती सोयच नाही, ते सुसाट पळून पहिल्याच वळणावर उलटणार.

प्रश्न : मी वसईची. शिकागोचा भाऊ नाताळला येताना मुलांसाठी तिकडचा ट्रेन सेट घेऊन येतोय. आपल्याकडे तो चालेल का? आमच्याकडे झाडापेक्षा गोठा (येशूजन्माचा देखावा) मोठा असतो, गोठ्याभोवती गाडी फिरवली तर विचित्र दिसेल का?

उत्तर : ताई, सेट येईल तेव्हा पहिल्यांदा अ‍ॅडॉप्टर उलटा करून मागचं बारीक अक्षरातलं वाचा, त्याआधी प्लगला हात लावू नका. तिथे इनपुटपुढे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर नुसती पिन बदलणारा कन्व्हर्टर पुरतो. पण फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो क्षणात जळेल, तेव्हा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, सेटला लागतात त्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त वॅटचा घ्या. सेट जुना असेल, जड लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाला, तर अजून एक भानगड असते, तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची, त्यामुळे तो इथे जास्त तापतो. अर्धा तास चालवून हात लावून बघा, चटका बसत असेल तर वापरू नका. भाऊ अजून निघाला नसेल तर त्याला आजच फोन करून लेबलचा फोटो मागवा.

गोठ्याचं अजिबात मनात आणू नका, उलट अमेरिकेतली ही गाडीची पद्धत गोठ्यापासून फार लांब नाही. पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम नावाचंच गाव आहे, मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेलं, १७४१ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याला हे नाव दिलं गेलं. ती माणसं गोठ्याभोवती शेवाळ, दगड, छोटी घरं, प्राणी मांडायची, आपल्याकडे पोरं दिवाळीत किल्ला करतात ना तसंच, आणि त्या भागात पुढे अशा देखाव्यांमध्ये खेळण्यातल्या गाड्याही धावायला लागल्या. तुमच्या गोठ्याला डोंगर असेल तर त्यातून पुठ्ठ्याचा बोगदा काढा, मुलं तिथून हलणार नाहीत. फक्त गवत आणि माती रुळांपासून चार बोटं लांब, आणि मेणबत्त्या पेटवणार असाल तर त्या वेळी गाडी बंद.

प्रश्न : नातू दीड वर्षाचा आहे, ठाण्यात असतो. त्याला आत्ताच विजेची गाडी आणली तर चालेल का?

उत्तर : नको, काका. त्या वयात सगळं तोंडात जातं आणि या सेटमध्ये बारीक भाग भरपूर असतात. त्याला हाताने ढकलायची लाकडी गाडी आणा, स्वीडनची ब्रिओ कंपनी १९५८ पासून लाकडी रूळ-गाड्या बनवतेय, आपल्याकडेही तशी लाकडी खेळणी मिळतात, घेताना बॉक्सवर दीड वर्षं लिहिलंय का तेवढं बघा, कारण बरेच सेट तीन वर्षांपुढचे असतात. आणि घरात मोठ्या भावंडांचा रिमोटवाला सेट असेल तर त्या रिमोटचं सेलचं झाकण स्क्रूने घट्ट बसलंय ना ते आजच तपासा, बटणासारखे चपटे सेल पोटात गेले तर काही तासांत अन्ननलिका जाळतात, तसा नुसता संशय जरी आला तरी घरी थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.