शेतकरी कंपनीच्या तक्रारींसाठी ईमेलवर चालणारी तिकीट यंत्रणा कशी बसवावी?

भाऊ, यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या शेतकरी कंपनीकडे ठिबक अन् बियाण्याच्या तक्रारी एकाच मेलवर येतात, कोणी कोणाला उत्तर दिलं ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ओएसतिकीट (osTicket) बसवा, म्हणजे आलेल्या प्रत्येक तक्रारीला नंबर देऊन तिकीट म्हणून नोंदवणारं सॉफ्टवेअर. ते मोफत आहे, पीएचपी (वेबसाइटची प्रोग्रॅम भाषा) अन् मायएसक्यूएल (माहिती साठवणारा डेटाबेस) यांवर चालतं. सर्व्हर मात्र ऑफिसात ठेवू नका, भाड्याचं होस्टिंग, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरची जागा घ्या. आपल्याकडे लाइट केव्हा जाईल याचा भरवसा नाही.

बसवणं सोपं आहे. झालं की सेटअप फोल्डर काढून टाका.

खरं काम मेलचं. तक्रारींसाठी वेगळा पत्ता काढा. तो आयमॅपने (मेलबॉक्समधले मेल वाचायची पद्धत) जोडा अन् सर्व्हरवर दर ५ मिनिटांनी क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम लावा. क्रॉन नसेल तर कर्मचारी लॉगिन असतानाच मेल ओढले जातात, म्हणजे रविवारी आलेली तक्रार सोमवारपर्यंत तशीच पडून. हंगामात फवारणीचा प्रश्न इतका थांबत नाही.

उत्तरं एसएमटीपीने (मेल पाठवायची पद्धत), पासवर्डसह ५८७ पोर्टवरून (सर्व्हरचं नंबर दिलेलं दार) पाठवा; २५ पोर्ट बरेच होस्टिंगवाले बंद ठेवतात. डोमेनला (तुमच्या मेल पत्त्यातलं @ नंतरचं नाव) एसपीएफ अन् डीकेआयएम नोंदी, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडून आल्याचा पुरावा देणाऱ्या नोंदी लावल्याच पाहिजेत, नाहीतर उत्तर शेतकऱ्याच्या स्पॅममध्ये जातं अन् त्याला वाटतं, आपल्याला कोणी विचारत नाही.

अॅडमिनचा मेल अन् तक्रारीचा पत्ता एकच ठेवू नका, यंत्रणा स्वतःच्याच सूचनांची तिकिटं काढत बसेल. पोचपावती मराठीतच लिहा, तिकीट नंबर ठळक ठेवा. फोनवर आलेली तक्रारही तिथंच नोंदवा, कारण आपले बरेच शेतकरी मेल करणार नाहीत.