न पेटलेल्या गावाचा प्रश्न

नाशिक

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधन-आराखडा दोनदा वाचला. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची, म्हणजे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या उठावाची, कारणे तू नेटकी मांडली आहेस: अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी, युद्ध संपताच कोसळलेले भाव, फेरआकारणीत वाढलेला शेतसारा आणि सावकारांनी आखडता घेतलेला हात. यात चूक काही नाही. माझी अडचण अशी आहे की सावकार, कर्जखत आणि दिवाणी हुकूमनामा (कर्जवसुलीचा कोर्टाचा निकाल) हे दंगा पेटला त्या पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला होते तसे सिन्नरला आणि निफाडलाही होते. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये अहमदनगर आणि खानदेशातील तालुके वेगळे काढून झाला, म्हणजे दंग्याच्या सहाच वर्षे आधी सिन्नरचा कुणबी कागदोपत्री नगरचाच रयत होता. तरीही दंग्याचा सारा भर पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांतच राहिला. तुझ्या आराखड्यात पेटलेली गावे भरपूर आहेत. न पेटलेले एकही नाही.

हीच चूक मी स्वतःच्या प्रबंधात केली होती. तीन वर्षे उठाव झालेल्या गावांची माहिती गोळा केली आणि तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी शांतपणे विचारले, की शेजारच्या गावात काय चालले होते? मला उत्तर देता आले नाही.

या विषयातले मोठे वादही बरेचसे याच प्रश्नाभोवती फिरतात. राज्यशास्त्रज्ञ टेड गर यांनी १९७० मध्ये सापेक्ष वंचिततेची मांडणी केली: आपल्याला काय मिळायला हवे आणि प्रत्यक्षात काय मिळू शकेल, याविषयीच्या लोकांच्या समजुतींत जे अंतर पडते, त्यातून असंतोष निर्माण होतो. कापसाच्या तेजीनंतरच्या मंदीला हे लागू पडते खरे; पण मग भाव पडल्यावर दंगा व्हायला जवळजवळ दहा वर्षे का लागली? समाजशास्त्रज्ञ चार्ल्स टिली यांचा भर याउलट संघटना, साधने आणि संधी यांवर होता. पुढे आकडेवारीवाले आले, आणि तिथे फार जपून पाऊल टाक. फिअरन आणि लेटिन यांना २००३ मध्ये, तसेच कोलिअर आणि होफ्लर यांना २००४ मध्ये, दरडोई उत्पन्न कमी असलेल्या देशांत यादवी युद्धाची शक्यता अधिक दिसली. पहिल्या जोडीने त्या आकड्यात दुबळे शासन वाचले, तर दुसऱ्या जोडीने बंडात सामील होणाऱ्याला गमावण्यासारखे थोडेच असते, असे वाचले. आकडा तोच, कारणे दोन! शिवाय यादवी युद्ध मोजताना किमान हजार मृत्यूंसारखी अट लावली, की सुपेही यादीतून गळते आणि १९३० चा आपला काळाराम मंदिर सत्याग्रहही.

मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा इथून मुंबईला निघाला, तेव्हा मी सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) चौकात उभा होतो. सुरगाण्याकडच्या एका बाईंनी वनहक्काच्या दाव्याची पोच दाखवली. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला तो कागद घडीवर फाटत आला होता. कायदा २००६ चा, म्हणजे तक्रार जुनी. पण शेजारच्या टेम्पोत तांदळाची पोती होती आणि प्रत्येक पोत्यावर खडूने गावाचे नाव लिहिले होते. लोक का चिडले, हे त्या कागदावरून कळते. ते याच वर्षी, एकत्र आणि इतके शिस्तीत का निघाले, हे समजून घ्यायला पोत्यांकडे पाहावे लागते. तुझ्या १८७५ मधली अशी पोती कोणती? सुपे हे बाजाराचे गाव होते, आजूबाजूचे शेतकरी १२ मे रोजी तिथे जमले आणि त्यांनी मागितल्या त्या वह्या आणि कर्जखते. ती हाती लागताच जाळली. बाजाराचे गाव ही बाब तू तळटीपेत टाकली आहेस. ती वर घे.

इतिहासाच्या साधनांबद्दल एवढेच, की दंगा चौकशी आयोगाचा अहवाल सरकारने स्वतःच्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी लिहवून घेतला होता. ‘दंगा’ हा शब्दसुद्धा सरकारी आहे. इतिहासकार रणजित गुहा यांनी अशा दप्तरांतून शेतकऱ्याची बाजू कशी वाचायची, ते १९८३ मध्ये दाखवून दिले. ते वाचल्याशिवाय आयोगाच्या साक्षींना हात लावू नकोस. इतिहासकार नील चार्ल्सवर्थ यांनी तर १९७२ मध्ये या दंग्यांचे महत्त्वच फुगवलेले आहे असा दावा केला. तो मला पूर्ण पटत नाही, पण त्याला टाळून तुझा प्रबंध उभा राहणार नाही.

आता सिद्धान्ताचे प्रकरण बाजूला ठेव. सिन्नर आणि निफाड तालुक्यांतील त्या काळच्या बाजारगावांची यादी कर, बाजाराचे वार लिही आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात महसूल खात्याची १८७५ ची दप्तरे मागव. यादी अर्धवट असली तरी रविवारी घरी घेऊन ये.

कळावे.

तुझे सर